संघू म्हणणारी दुसरी

शुभदा तांबे आणि संघप्रिया खिल्लारे जुईनगरच्या एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहायच्या. एकीचं माहेर मंडणगडाकडचं, दुसरीचं परभणीच्याही पुढचं. एकीच्या आमटीत आमसूल, दुसरीच्या आमटीत शेंगदाण्याचं कूट. तरी राहायला आल्या त्याच वर्षी विहारात बुद्धपौर्णिमेची खीर वाढता वाढता दोघींची जी गट्टी जमली, ती जमलीच. संघप्रिया हे नाव तोंडभर होतं म्हणून शुभदाने त्याचं ‘संघू’ केलं. शाळेत ती खिल्लारे मॅडम होती, सासरी वहिनी होती, घरी आई होती. संघू ती फक्त शुभदासाठी होती.

माघ लागला की दोघींना डोंगराचे वेध लागायचे. रबाळ्याच्या एमआयडीसीमागे जो डोंगर उठतो, तिथे त्यांचे शनिवार-रविवार जायचे. शनिवारी नुसतं भटकायचं आणि रविवारी पाणी घालायचं. पावसाळ्यात शेकडो लोक येतात, रोपं लावतात, फोटो काढतात आणि जातात. त्या रोपांना पाऊस सरल्यावर पाणी घालायला मात्र मोजकीच माणसं उरतात. गंगारामकाका हे त्या मोजक्या माणसांचे म्होरके. खालच्याच एका कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले, आवाज भोंग्यासारखा. पायथ्याच्या नळावर कॅन भरायचे, चढ चढायचा, रोपांच्या आळ्यांत पाणी ओतायचं, पाखरांसाठी केलेले सिमेंटचे पाणवठे भरायचे. मग सगळे पांगले की शुभदा आणि संघू वरच्या कातळावर जाऊन बसायच्या. शुभदाच्या डब्यात घावन, संघूच्या डब्यात धपाटे. समोर कारखान्यांची पत्र्याची छपरं, त्यापलीकडे इमारतींची गर्दी आणि सगळ्यात शेवटी खाडीचा चकाकता पट्टा. मागे पळस नुसता पेटलेला असायचा. बोलायचं तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

शुभदाला आठवडाभर याच एका सकाळचा आधार असे. पतपेढीतलं काम कंटाळवाणं होतं. मुलगा पार्थ पुण्याला गेल्यापासून घर सुनं झालं होतं. नवरा अभय स्वभावाने चांगला, पण रविवारी दहाच्या आत उठवलं तर त्याच्यासारखा वाईट माणूस नाही.

अशात जाई आली.

जाई सानपाड्याची. चाळिशीची, घरूनच काम करणारी. नवरा जहाजावर, म्हणजे वर्षातला बराच काळ नसल्यासारखा. पहिल्या दिवशी ती पांढरेशुभ्र बूट घालून आली आणि पहिल्याच आळ्यात चिखलात पाय घालून स्वतःच खो खो हसली. तिला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. काटेसावर दाखवली तर म्हणाली, “हा गुलमोहर ना?” गंगारामकाकांनी कपाळाला हात लावला.

शुभदालाही ती तेव्हा आवडली होती. कातळावर बसायला तिनेच जाईला बोलावलं. “ये गं, घावन खा. तुमच्याकडे करतात का असे?” पुढे कितीतरी वेळा तिला त्या क्षणाचा राग आला. आपणच उंटाला तंबूत घेतलं, असं ती स्वतःशी पुटपुटायची.

कारण दोन रविवार जातात न जातात तोच संघू म्हणाली, “शुभे, उद्या मी जाईच्या गाडीतनं येते हं. स्कूटरवर कंबर लई दुखायली.”

“आधी कधी दुखली नव्हती,” शुभदा म्हणाली.

“आधी वय पण एवढं नव्हतं की!”

त्या रविवारी शुभदाच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर रिकामे कॅन दोरीने बांधलेले होते. सिग्नलला एक पांढरी गाडी तिच्या शेजारी येऊन थांबली. काचेआड संघू हसत होती, टाळी देऊन. शुभदाकडे तिचं लक्षही गेलं नाही. सिग्नल सुटला तरी शुभदा तशीच उभी राहिली आणि मागच्या रिक्षावाल्याने तिचा उद्धार केला.

खरा चटका बसला तो त्यानंतर. शुभदा खाली कॅन भरत होती आणि वरून जाईचा आवाज आला, “संघू, ए संघू! इकडे ये, घरटं बघ!”

कॅन भरून वाहू लागला तरी शुभदाचा हात नळावरून हलला नाही. वर गेल्यावर तिने शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, “ही तुला संघू कधीपासून म्हणायला लागली?”

“मीच म्हणलं म्हण म्हणून. ताई-ताई करून म्हातारी करून टाकायली मला.”

“मला मात्र ताईच म्हणते.”

“तू तशी दिसतीस बाई,” संघू हसून म्हणाली आणि पुढे गेली.

गंमतच होती ती. पण ती गंमत शुभदाच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली. दुपारी जेवताना तिने अभयला सगळं सांगितलं. अभयने शांतपणे भात कालवला. “मी एखाद्या बाईच्या गाडीत बसून हसलो असतो तर एवढी जळली असतीस का गं तू?”

“तुला कोण बसवतंय गाडीत!”

“तेच म्हणतोय,” अभय म्हणाला. “शुभे, मैत्रीण आहे ती. सातबारा नाहीये तुझ्या नावावरचा.”

शुभदाला ते पटलं आणि पटल्यामुळेच आणखी राग आला.

मग तिला एक वाईट खोड लागली. ती दोघींना निरखू लागली. संघूने जाईच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. संघूने जाईला धपाट्याचा मोठा तुकडा दिला. संघूने कालपर्यंत नको म्हटलेली टोपी आज घातली, जाईने आणलेली. अशा बारीकसारीक गोष्टी ती आठवडाभर मनात घोळवायची. एकदा तर तिने हाती लागेल ती काठी उचलली, जातीचीसुद्धा. जिन्यात संघूला गाठून म्हणाली, “जपून राहा जरा. ती काय आपल्यातली आहे का? आज गोड बोलेल, उद्या कळेल.”

संघूने तिच्याकडे असं पाहिलं की शुभदाला पायरीत गडप व्हावंसं वाटलं.

“हे तू बोलायलीस?” संघू एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी कातळावर तिघी बसल्या होत्या. शुभदा जरा मागे, पाठ झाडाला टेकून, डोळे मिटून. झोपली असं त्या दोघींना वाटलं असावं. संघू जाईला पोहण्याची गोष्ट सांगत होती. लहानपणी वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा तरंगता बिंडा बांधला आणि नदीच्या डोहात ढकललं, ती गोष्ट. शुभदाला ती तोंडपाठ होती. कुठे हसायचं, कुठे ‘मग गं?’ म्हणायचं, सगळं. जाई मात्र प्रत्येक वाक्याला अवाक होत होती. गोष्ट संपली, त्या ठिकाणी शुभदा मनात ‘झालं’ म्हणाली. पण संघू थांबली नाही.

“आन मग दादा गेले ना, त्या साली मी गावाकडं गेले होते. एकटीच डोहावर गेले. पाण्यात उतरले, गळ्यापर्यंत. बाहेर यायचंच नव्हतं मला. खरंच नव्हतं यायचं. पण पाय हलायलेच बघ, आपोआप. शिकवलेलं विसरंना अंग.”

जाईने तिचा हात हातात घेतला.

शुभदाने डोळे उघडले नाहीत. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने किती वेळा ऐकली होती, आणि हा शेवट कधी ऐकला नव्हता. संघूच्या जिवावर बेतलं होतं, आणि ते तिला असं चोरून, दुसऱ्या कुणाला सांगताना कळत होतं. तिला रडू यायला हवं होतं, संघूसाठी. आलंही. पण ते संघूसाठी नव्हतं, हे तिचं तिला कळत होतं.

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी गंगारामकाकांनी पलीकडच्या सोंडेवरचे पाणवठे भरायचं काम काढलं. वाट लांबची, ऊन चढायच्या आत परतायचं होतं. काका आणि संघू बाकीच्यांबरोबर पुढे गेले. शुभदाच्या कॅनचं झाकण गळत होतं, ते घट्ट करत ती मागे राहिली. वाट फुटते तिथे ती पोचली आणि मागून जाई धापा टाकत आली. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून तिला उशीर झाला होता. गालांवर लाली, केसांना संघूचा रुमाल. तो हिरव्या काठाचा रुमाल शुभदानेच संघूला दिला होता.

“ताई, संघू कुठून गेली?”

सगळे उजवीकडून गेले होते. शुभदाने त्यांना वळताना पाहिलं होतं.

“डावीकडून,” ती म्हणाली.

तिने ते ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून निघून गेला आणि जाई “थँक्यू!” म्हणून निघालीसुद्धा. डावीकडची वाट कोरड्या ओहोळात उतरते, करवंदीच्या जाळीत शिरते आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या तोंडाशी जाऊन संपते. थोडं भटकेल, कंटाळेल आणि परत येईल, शुभदाने स्वतःला सांगितलं. एक सकाळ तरी संघू आपली. ती उजवीकडे वळली आणि कधी नव्हे इतकी भराभर चालली.

सोंडेवर संघूने तिला पाहून विचारलं, “जाई दिसली का गं? निघाले म्हणून मेसेज केला होता.”

“येत असेल मागून,” शुभदा म्हणाली. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

काम झालं. पाणवठे भरले. दोघी झाडाखाली बसल्या, अगदी पूर्वीसारख्या. संघू मात्र फोन लावत होती. फोन लागत नव्हता. तिची नजर सारखी वाटेकडे. शुभदाने डबा उघडून पुढे केला तर म्हणाली, “नको गं आत्ता.” ऊन चटचट चढू लागलं. खालून गरम वाऱ्याची झुळूक आली आणि शुभदाला खाण आठवली. खाणीच्या काठाला कुंपण नव्हतं. काठावरचं गवत वाळून गुळगुळीत झालेलं, पाय ठरत नाही, हे तिला माहीत होतं. जाईला माहीत नव्हतं. जाईला काटेसावरसुद्धा ओळखता येत नव्हती.

“मी डावीकडं बघून येते,” ती एकदम उठली.

“डावीकडं कशाला जाईल ती?” काका म्हणाले.

शुभदा तोवर पळत सुटली होती.

अशी ती शाळा सुटल्यापासून कधी धावली नव्हती. ओहोळातल्या गोट्यांवरून दोनदा पडली. करवंदीने बाह्या फाडल्या. “जाई! ए जाई!” ओरडून ओरडून घसा कोरडा पडला. मनात नको नको ती चित्रं. त्या पांढऱ्या बुटांपैकी एक आपल्याला काठावर पडलेला दिसणार, अशी तिची खात्रीच झाली.

जाई खाणीच्या अलीकडे, एका दरडीच्या सावलीला बसली होती. एक पाय लांब केलेला, घोटा सुजून टम्म. तळहात सोललेले. पाणी संपलेलं. चेहऱ्यावर धूळ आणि त्यात अश्रूंचे ओघळ. शुभदाला पाहून तिने लहान मुलासारखे हात पसरले आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागली.

“मला वाटलंच होतं तुम्हीच याल. मला इकडे वळताना तुम्हीच पाहिलं होतंत.”

शुभदाने तिला बाटली दिली.

“मीच गाढव,” जाई घोट घेत म्हणाली. “तुम्ही उजवीकडे म्हणाला असणार, मी डावीकडे ऐकलं. माझं असंच असतं नेहमी. घाईत असते ना.”

आता बोलावं, असं शुभदाला वाटलं. तोंड उघडलंही. पण वर माणसांचे आवाज आले आणि तिने उठून त्यांना हाक दिली.

मग कौतुकाला नुसता ऊत आला. काका सगळ्यांना सांगत सुटले, “बघा, बाईने वास काढत शोधलं! आपण उजव्या बाजूला बोंबलत बसलो असतो.” जाईला खांद्यांचा आधार देत खाली आणलं. कुणीतरी तिची गाडी चालवत तिला डॉक्टरकडे नेलं. संघू आली आणि शुभदाच्या स्कूटरवर मागे बसली.

हेच तर शुभदाला हवं होतं. पाठीशी ते ओळखीचं वजन. आणि रबाळ्यापासून जुईनगरपर्यंत संघूने ना खांद्यावर हात ठेवला, ना शब्द काढला. सोसायटीच्या गेटात उतरून ती समोर उभी राहिली.

“तू तिला तिकडं धाडलंस.”

वॉचमन ऐकत होता. शुभदाने हेल्मेट काढलं नाही.

“हो.”

“खाण हाय तिथं, शुभे.”

“माहीत आहे.”

“माहीत हाय,” संघू सावकाश म्हणाली, जणू तो शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. मग ती आत गेली. तिने लिफ्टही घेतली नाही.

पाडवा गेला. समोरासमोरच्या दारांत येता-जाता दोघी एकमेकींना टाळू लागल्या. शुभदाने दिलेली पुरणपोळी संघूच्या मुलीने घेतली, ताटली मात्र शेजारणीच्या हातून परत आली. रात्री-अपरात्री शुभदाला दचकून जाग यायची. शेवटी एका शनिवारी ती रिक्षा करून सानपाड्याला गेली. जाईने लंगडत दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. ते शुभदाला सगळ्यात जड गेलं.

बसायच्या आधीच ती म्हणाली, “तू चुकीचं ऐकलं नव्हतंस. मी डावीकडेच म्हणाले होते. मुद्दाम.”

जाईला कळायला वेळ लागला. मग तिने खुर्ची धरली. “का?”

“संघूमुळे. तुमचं जमलं ते मला बघवेना.”

“एवढंच?”

“एवढंच.”

जाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. “मी सहा वर्षं राहतेय इथे,” ती म्हणाली. “या मजल्यावर मला कुणाचं पहिलं नाव माहीत नाही. तुम्ही मला पहिल्या दिवशी हाक मारून घावन दिलात ना, ते मी आईला फोन करून सांगितलं होतं. वेड्यासारखं. घावन दिला म्हणून.” तिचा आवाज फाटला. “तिथे बसून मी संघूला नाही, तुम्हालाच हाका मारत होते.”

शुभदा काही बोलायला गेली तशी जाईने हात वर केला. “आज नको. तुम्ही जा आता. प्लीज.”

शुभदा जिना उतरली. क्षमा मिळाली नव्हती, आणि मिळायला हवी असंही तिला वाटत नव्हतं. पण छातीवरचा धोंडा इंचभर सरकला होता.

चैत्रातलं ऊन रोपांसाठी थांबत नाही. शुभदा दर रविवारी एकटी जाऊन पाणी घालत राहिली. संघूही यायची, रिक्षाने, आणि दुसऱ्या उताराचं काम मागून घ्यायची. बाबासाहेबांच्या जयंतीनंतरच्या रविवारी मात्र काकांनी दोघींना एकाच रांगेवर लावलं. मुद्दाम की कसं, कोण जाणे. अर्धी रांग झाल्यावर संघू आळं सारखं करता करता बोलली.

“जाईला सांगितलंस म्हणं तू स्वतः.”

“हो.”

“का?”

“तिने स्वतःला गाढव म्हटलं होतं म्हणून.”

संघूने माती थोपटली. “तू मला एकदा तरी विचारायचं होतंस, मला तिच्यात काय दिसतं.”

“काय दिसतं?”

“तुला माझं सगळं ठाऊक हाय, शुभे. मी तोंड उघडलं की तू वाक्य पुरं करतीस. चांगलं वाटतं ते. पण कधीकधी वाक्य माझं दुसरीकडंच चाललेलं असतं.” ती थांबली. “डोहाची गोष्ट. त्या दिवशी जागी होतीस ना तू?”

शुभदाने मान डोलावली.

“तुला कितीदा सांगायला गेले. पण तू त्याच्या आधीच हसतीस. आपली ती हसायची जागा ठरलेली. मग नाही सांगवलं.”

शुभदा तिथेच ढेकळांत बसली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण आला नाही. मग तिने विचारलं, “अजून वाटतं का गं तसं? पाण्यातून बाहेर येऊ नये असं?”

“नाही. आता नाही वाटत.” संघूने तिच्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ. “पण तू आत्ता विचारलंस, हे बरं केलंस.”

दोघींनी उरलेली रांग संपवली. त्या दिवशी संघू रिक्षानेच घरी गेली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी शुभदाच्या दारावर टकटक झाली. संघू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. “उद्या किती वाजता निघायलीस?”

“नेहमीच्याच वेळेला.”

“मी येते मागं. कंबर दुखली तर दुखली.” मग जरा थांबून, “जाई पण येणार हाय. पाय बरा झालाय तिचा. तू असशील हे सांगितलंय मी तिला. ती म्हणाली, बघू.”

शुभदाच्या पोटात तीच जुनी कळ उठली. संघूने जाईला आधी फोन केला होता, म्हणजे रोजच बोलत असतील. मेली ही कळ काही जात नाही, तिच्या मनात आलं.

“येऊ दे,” ती म्हणाली. तोंड कडू झालं, पण म्हणाली.

संघू गेल्यावर ती आत आली आणि तिने घावनांसाठी तांदूळ भिजत घातले. अभय टीव्हीसमोरून ओरडला, “एवढे कशाला गं?”

“तिघींना लागतील,” शुभदा म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.